पाव मूठ गहू

कानबाईच्या रोटाचे गहू मोजताना लताबाई कोणाशी बोलत नाही. घरातल्या एकेका पुरुषाचं नाव मनात घ्यायचं आणि त्याच्या नावाने सव्वा मूठ गहू सुपात टाकायचे, त्याच पिठाच्या पोळ्या म्हणजे नैवेद्याचे रोट, अशी त्यांच्या भाऊबंदांची रीत. अमळनेरचं हे घर थोरल्याचं, म्हणून श्रावणात नारळाच्या रूपाने येणारी ही देवी, कानबाई, इथेच बसते आणि गहू लताबाईच्याच हातचे. श्रावणातल्या त्या शनिवारी सकाळी न्हाऊन, ओल्या केसांवर पदर घेऊन ती देवघरापुढे बसली होती. नवऱ्याच्या, अभिमनच्या नावाची सव्वा मूठ पडली. धाकट्या दिराची, लोटनची पडली. लोटनच्या प्रेमराजची पडली. शेवटी आपल्या योगेंद्रचं नाव घेऊन तिने एक भरली मूठ सुपात सोडली आणि वरची पाव मूठ घ्यायला गोणीत हात घातला, तेवढ्यात मागच्या खोलीतून हाक आली.

"आई, जरा ये ना."

हाक मोठी नव्हती. पण ही असली हळू हाक लताबाईला चोवीस वर्षं ओळखीची होती. हातातले गहू गोणीत परत सोडून ती तशीच उठली.

योगू पलंगावर उजवा गुडघा पोटाशी घेऊन पडला होता. जांघेत दुखत होतं, पाय लांब केला की आतून ओढ बसत होती.

"कुठे पडलास?"

"नाही."

"गाडीवर खड्ड्यात आदळलास?"

"नाही गं. काल दिवसभर खुर्चीवरच होतो. भावी नगरसेवकाचा वाढदिवस. एका बॅनरवर बावीस फोटो, आणि प्रत्येकाला आपलंच तोंड मोठं हवं. त्यातच काहीतरी आखडलं असेल."

योगूचं बाजारात फ्लेक्सच्या डिझाइनचं दुकान आहे. बसून करायचं काम म्हणून अभिमनने मुद्दाम ते काढून दिलं होतं, कारण योगूला हिमोफिलिया. रक्त गोठायला लागणारा आठव्या नंबरचा घटक, ज्याला अशा रुग्णांच्या घरी नुसतं 'फॅक्टर' म्हणतात, तो त्याच्या अंगात जन्मापासून नाही. दीड वर्षाचा असताना पडून ओठ फुटला आणि तीन दिवस रक्त थांबेना, तेव्हा हे कळलं. लताबाईच्या आईचा भाऊ तरुणपणी दाढ काढल्यावर गेला होता. तो कशाने गेला, तेही त्याच दिवशी कळलं. तेव्हापासून सासरी कोणी तोंडावर बोललं, कोणी पाठीमागे, पण बोल एकच होता, की हे रक्त सुनेच्या माहेरचं.

लताबाई दहावी नापास. पण धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यात फॅक्टर मिळतं तिथे बसून ती सगळं शिकली. फ्रिजमधली बाटली हातात धरून कोमट कशी करायची, पाणी सोडल्यावर हलवायची नाही तर नुसती गोल फिरवायची, शीर कशी शोधायची, सुई काढल्यावर किती मिनिटं दाबून धरायचं. गुडघा फुगला की बर्फ, उशी आणि फॅक्टर. दोन तासांत योगूचं तोंड सैल पडायचं. प्रत्येक बाटलीचं लेबल ती एका वहीत चिकटवते. वर 'श्री', खाली तारीख, कोणता सांधा, किती बाटल्या, किती वेळाने उतार. एकोणीस वर्षांच्या सात वह्या आहेत. दवाखान्यातल्या बाई नव्या आयांना सांगत, "लताताईंची वही बघा. अशी ठेवायची." त्या कौतुकाचा लताबाईला थोडा अभिमान होता, आणि देवापुढे ती तो कबूलही करायची.

मालिश, लेप, हाडवैद्य यांना त्या घरात उंबरठ्याच्या आत जागा नव्हती. एकदा शेजारणीने योगूच्या कोपराला हळदीचा गरम लेप लावायला घेतला, तर लताबाईने वाटी तिच्या हातातून काढून मोरीत रिकामी केली होती. दोघींचं वर्षभर बोलणं नव्हतं.

अशा त्या बाईने शनिवारी नऊ वाजता योगूला दोन बाटल्या दिल्या. रोटाची गडबड होती, गहू गिरणीत जायचे होते, म्हणून वही काढली नाही. लेबलं पिठाच्या डब्याच्या झाकणाला तात्पुरती चिकटवली. बारा वाजता विचारलं, तर दुखणं होतं तसंच. दोन वाजता तिने आणखी दोन बाटल्या दिल्या. एरवी दुसऱ्या वेळेला ती धुळ्याला फोन करते. त्या दिवशी केला नाही. केला असता तर 'घेऊन या' म्हणाले असते, आणि उद्या कानबाई बसायची होती.

साडेतीनला तिची मोठी नणंद सुंदरअक्का भडगावहून एसटीने आली. कानबाईसाठी ती दरवर्षी येते. अंगात ताप असला तरी येते. पिशवी खाली ठेवायच्या आधी तिचं लक्ष देवघरापुढच्या सुपाकडे गेलं.

"लता, हाई काय वो? गहू अजून आठेच? गिरणीमा नही धाडात?"

"योगूचं दुखतंय अक्का. जांघेत."

अक्का आत गेली. योगूकडे पाहिलं, त्याच्या पायाकडे पाहिलं, कमरेला दोन बोटं लावली.

"सूज कोठे शे?"

"सूज नाही," लताबाई म्हणाली. "आणि फॅक्टर दोनदा देऊन झालं. काहीच फरक नाही."

"मंग ते रगतनं दुखणंच नही! तूच सांगस ना, तुनं ते औषध दिधं का दोन तासमा थांबस म्हनीसन? नही थांबनं. म्हंजे हाई उसण शे, उसण! मी काय कमी उसणी देख्यात? वनाले बलाव."

खरं सांगायचं तर लताबाई मनात आधीपासून हेच बोलत होती. एकोणीस वर्षांत फॅक्टर हरलं असं झालंच नव्हतं. कमी पडलं असेल, उशिरा लागलं असेल, पण लागलं नाही असं नाही. आता चार बाटल्या जाऊन दुखणं हटत नाही, त्या अर्थी आत रक्त नाहीच. खुर्चीवर बसून बसून उसण भरली असेल. त्यात सूज नाही, मार नाही, निळा डागही नाही. माणूस देवावर ठेवतो तसा विश्वास तिने त्या बाटलीवर ठेवला होता, आणि त्या विश्वासानेच तिला चकवलं.

"मालिश नाही करायची हां अक्का," ती एवढंच म्हणाली.

"मालिश कोन करस? पाय तं लावना शे."

वना हा गल्लीच्या टोकाचा, साठीतला, सायकलीचं पंक्चर काढणारा गृहस्थ. तो पायाळू, म्हणजे आईच्या पोटातून पायांकडून जन्मलेला. अशा माणसाने पाय लावला की उसण उतरते, हे सगळ्या गावाला माहीत. संध्याकाळी दिवेलागणीला तो आला, चप्पल बाहेर काढून पाय धुतले.

"काय वहिनी, एवढा मोठा दवाखाना घरमा ठेयेल शे आनि मना पायवर उन्यात?" तो हसत म्हणाला. "मनं नशीबच तसं. लोके मनी लाथ खातंस आनि मनाच पाया पडतंस."

योगूही हसला. "वनानाना, हळू हां. तुमच्या लाथेचा फ्लेक्स लावीन चौकात."

"लाव ना. फोटो मात्र पायना लाव. तोंडले कोन वळखस?"

योगूला पालथं निजवलं. वनाने देवाचं नाव घेऊन डावा पाय त्याच्या कमरेच्या उजव्या अंगाला टेकवला आणि दाबला. एकदा. दोनदा. तिसऱ्या वेळी योगू असा ओरडला की वना भिंतीला जाऊन लागला. त्याच्या तोंडावरचं हसू जागच्या जागी वाळलं.

"आजून मी कोनलेच असं वरडताना आयकं नही, वहिनी," तो म्हणाला, आणि चहा न घेता गेला.

रविवारी सकाळी योगूचा पाय पोटाशी घट्ट जखडला होता. मांडीवर समोरच्या बाजूला हात लावला तर त्याला कळत नव्हतं. ओठ पांढरे पडले होते. अंगणात लोटनच्या घरची माणसं केळीचे खांब घेऊन उभी, चूल पेटलेली, पुरणाची डाळ शिजत ठेवलेली. अभिमनने प्रेमराजची गाडी मागवली. योगूला उचलून मागच्या सीटवर ठेवलं. निघताना लताबाईने देवघराकडे पाहिलं. चौरंगावर अजून नुसतं कोरं वस्त्र होतं, नारळाला नथ चढायची होती.

"मी करस बठ्ठं. तू जाय," सुंदरअक्का म्हणाली. तिचा आवाज नेहमीचा नव्हता.

पिठाच्या डब्याच्या झाकणावरची चार लेबलं लताबाईने काढली आणि वहीत लावायची म्हणून कमरेच्या बटव्यात घातली. धुळ्याच्या वाटेवर तासभर तिने ती वही मांडीवर धरली होती, पण लेबलं लावली नाहीत.

दवाखान्यात नेहमीच्या डॉक्टर मॅडम होत्या. डॉ. मोनाली, वयाने लताबाईच्या धाकट्या बहिणीएवढ्या. योगूचं पोट तपासता तपासता त्यांनी विचारलं, "कधीपासून?"

"आज पहाटेपासून," लताबाई म्हणाली.

"घरी फॅक्टर दिलं?"

"सकाळी एकदा."

"मार, मालिश, काही?"

लताबाईने अभिमनकडे पाहिलं. अभिमन खिडकीबाहेर पाहत होता.

"नाही मॅडम. आमच्याकडे मालिश कोणी करत नाही, तुम्हाला माहीतच आहे."

शनिवार असा एका वाक्यात पुसला गेला. तो सांगितला असता तर वनाची लाथ सांगावी लागली असती. ज्या खोलीत इतर आयांना तिची वही दाखवत, त्याच खोलीत तिला म्हणावं लागलं असतं, की मी माझ्या मुलाच्या कमरेवर पाय ठेवू दिला.

सोनोग्राफीत दिसलं. पोटाच्या मागच्या भिंतीला एक स्नायू असतो, तो जांघेतून मांडीकडे उतरतो. त्या स्नायूत रक्त साठलं होतं आणि मांडीच्या नसेला दाबत होतं. बाहेरून सूज दिसणारच नव्हती. मॅडमनी मोठा डोस चालू केला. "एकच डोस झालाय, उशीर नाही झालेला. थांबेल," त्या म्हणाल्या.

त्या रात्री अमळनेरला कानबाई बसली, गाणी झाली. सोमवारी सकाळी सुंदरअक्काने डोक्यावर चौरंग घेऊन मिरवणुकीत तिला नदीवर नेलं. प्रेमराजने फोनवर त्याचा व्हिडिओ पाठवला. लताबाईने तो उघडला नाही.

सोमवारी दुपारी रक्त तपासलं, तर हिमोग्लोबिन अकरावरून आठावर आलं होतं. पुन्हा सोनोग्राफी झाली. गोळा वाढला होता. योगूला गुडघा उचलता येईना. मॅडम कपाळाला हात लावून कागद पाहत होत्या. "डोस आणखी वाढवू," त्या सिस्टरला म्हणाल्या, आणि सिस्टर बाटल्या आणायला गेल्या.

योगूने डोळे मिटलेले होते. लताबाईला वाटलं झोपलाय.

"आई."

"काय रे?"

"त्यांना शनिवार सांग."

तिचा हात कमरेच्या बटव्याकडे गेला.

"मी कालच सांगणार होतो," योगू म्हणाला. "मग म्हटलं, तूच सांगशील. मी सांगितलं तर तुला त्याचंच जास्त लागेल. पण आता मला मांडी नाहीये गं, आई. चिमटा घेतला तरी कळत नाही."

अभिमन पायथ्याशी बसला होता. शेतात उभं आयुष्य गेलेला कमी बोलणारा माणूस. तो म्हणाला, "जाय. मी बी कालपासून गप्प बसेल शे. मन्हं बी चुकनं."

लताबाईने बटव्यातली चार लेबलं काढली. पिठाचा पांढरा हात त्यांना लागलेलाच होता. ती मॅडमच्या टेबलापाशी गेली आणि लेबलं वहीवर ठेवली.

"मॅडम, मी काल खोटं बोलले. हे शनिवारपासून आहे. शनिवारी नऊ वाजता दोन बाटल्या दिल्या, दोन वाजता परत दोन. कशाचाच उपयोग झाला नाही. म्हणून मला वाटलं रक्त नसेल, उसण असेल. आणि मी—" तिने वहीवरची लेबलं सरळ केली. "मी पायाळूचा पाय लावून घेतला त्याच्या कमरेवर. तीन वेळा."

मॅडम रागावतील याची तिने तयारी केली होती. मॅडम रागावल्या नाहीत, त्यांनी लेबलं हातात घेतली. "थांबा. शनिवारी चार बाटल्या? रविवारच्या सकाळच्या आधी?"

"हो."

"आणि थोडाही उतार नाही?"

"नाही."

"सिस्टर, ते थांबवा! फॅक्टर देऊ नका." मग त्यांनी वही उघडली. मागची पानं भराभर उलटली. दिवाळीनंतर योगूचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं होतं, तेव्हा बारा दिवस रोज फॅक्टर गेलं होतं. ती बारा लेबलांची रांग होती. त्यानंतरच्या पानांवर त्यांचं बोट सरकत गेलं. "माघ, घोटा, उतार तीन तासांनी. चैत्र, गुडघा, पाच तासांनी. ज्येष्ठ, कोपर, दुसऱ्या दिवशी. आषाढ, परत तेच कोपर, तीनदा देऊन..." त्या थांबल्या. "लताताई, हे सगळं तुम्ही लिहिलंय."

"हो."

"मीही वाचायला हवं होतं. तुम्ही दर वेळी वही आणायचात, मी सही करून परत द्यायचे."

त्यांनी समजावून सांगितलं ते असं. कधी कधी शरीर बाहेरून आलेल्या फॅक्टरलाच शत्रू समजतं आणि त्याच्याविरुद्ध रक्तात प्रतिपिंडं तयार करतं. त्याला इन्हिबिटर म्हणतात. मग बाटली शिरेत गेली की काही वेळातच निकामी होते. दहा द्या, वीस द्या, उपयोग नाही.

अभिमनने विचारलं, "म्हणजे बोंडअळीसारखं, मॅडम? औषध तेच, फवारा तोच, पण अळी मरत नाही?"

"तसंच काहीसं, भाऊ. फक्त इथे अळी नाही. आपलंच रक्त आहे."

त्या संध्याकाळी योगूचं रक्त दुसऱ्या निरोगी रक्ताच्या पाण्यात, म्हणजे प्लाझ्मात, मिसळून तपासलं. मिसळलं तरी गोठायला तेवढाच वेळ लागला, म्हणजे इन्हिबिटर होताच. इन्हिबिटर किती आहे त्याचा पक्का आकडा कळायला नमुना मुंबईला गेला, पण औषध थांबून राहिलं नाही. आठव्या घटकाला वळसा घालून रक्त गोठवणारं वेगळं इंजेक्शन असतं, ते नाशिकहून बर्फाच्या पेटीत मंगळवारी आलं. दर तीन तासांनी एक. सिस्टर यायच्या, लताबाई घड्याळ बघून आधीच योगूचा हात उशीवर मांडून ठेवायची. बुधवारी गोळा वाढायचा थांबला. गुरुवारी हिमोग्लोबिन स्थिर राहिलं. मुंबईहून आकडा आला, अठ्ठावीस. पाचच्या वर गेला की मोठा धरतात, असं मॅडम म्हणाल्या.

त्या दिवशी लताबाईने त्यांना एकटं गाठलं.

"मॅडम, खरं सांगा. पाय लावला म्हणून झालं का हे?"

मॅडमनी पेन बंद केलं. "रक्त शनिवारी सकाळपासूनच सुरू होतं. ते पायाने झालं नाही. पायाने वाढलं का? वाढलं असणार. किती, ते मला सांगता येत नाही. तुम्ही रविवारी खरं बोलला असतात तर एक दिवस वाचला असता. सोमवारीही बोलला नसतात, तर मंगळवारपर्यंत मी फॅक्टरच देत राहिले असते, आणि मग पायाचं सोडा, जिवाचं काय झालं असतं कोणास ठाऊक."

लताबाईला हे उत्तर सोसवलं नाही. सगळा दोष तिच्या पदरात टाकला असता तर ती रडून मोकळी झाली असती. सगळा काढून घेतला असता तरी चाललं असतं.

सोळाव्या दिवशी योगूला घरी सोडलं. पोळा आठवड्यावर आला होता आणि बाजारात बैलांचे गोंडे टांगले होते. गाडीतून ते पाहून योगू म्हणाला, "माझ्या दुकानाच्या ऐन सीझनला मी वॉकरवर. काय नशीब आहे." दवाखान्यात पडल्या पडल्या मोबाइलवर त्याने पोळ्याचे दोन बॅनर केले होते. त्यातल्या एकात बैलापेक्षा पुढाऱ्याचा फोटो मोठा होता. गिऱ्हाईकाची तशी मागणीच होती.

पाय पूर्ण सरळ होत नाही. मांडीवर तळव्याएवढी जागा अजून मेलेली आहे. नस परत येते, सहा महिने लागतात, कधी वर्ष, कधी थोडी राहूनही जाते, असं सांगितलंय. एक नवं इंजेक्शन आहे, पोटाच्या कातडीखाली टोचायचं. ते फॅक्टर नाही, त्यामुळे इन्हिबिटर त्याला अडवत नाही. पहिले चार आठवडे दर आठवड्याला, पुढे लांब लांब अंतराने. रक्तस्राव होऊच नये म्हणून ते द्यायचं. पण तरीही झाला, तर घरी आपल्या मनाने काहीही द्यायचं नाही, हे मॅडमनी लताबाईकडून दोनदा वदवून घेतलं. "कोणतंही. जुनं तर नाहीच. आधी फोन, मग गाडी." एकोणीस वर्षं हाताशी असलेली विद्या एका दिवसात परत देऊन टाकावी तसं तिला झालं. फ्रिजच्या दारात जुन्या फॅक्टरच्या पाच बाटल्या अजून उभ्या आहेत. दार उघडलं की त्या किणकिणतात.

सुंदरअक्का भडगावला परत गेलीच नव्हती. घर सांभाळून राहिली होती. योगूला वॉकरवर आत येताना पाहून तिने डोळ्याला पदर लावला, आणि लगेच रागावली.

"असा काय वाकीसन चालस रे? तुना आजा नव्वदना व्हता तं ताठ चाले."

"आत्या, आजोबांना वनानानांनी लाथ मारली नव्हती," योगू म्हणाला.

बोलून गेल्यावर त्यालाच वाईट वाटलं. अक्का स्वयंपाकघरात निघून गेली. पोळ्या लाटत राहिली, एकही पोळी गोल झाली नाही.

वना त्या दिवसापासून कोणाला पाय लावत नाही. भडगावहून, पारोळ्याहून माणसं येतात, तो हात जोडून परत पाठवतो. लताबाई त्याच्याकडे गेली होती. तो पंक्चरच्या पाण्यात ट्यूब बुडवून बसला होता, वर पाहिलं नाही. "वहिनी, साठ वरीस लोकेस्नी मना पायले हात लाया. आते मालेच मना पायनी भीती वाटस," म्हणाला. तिने त्याला सांगितलं, बोलावलं मी, चूक माझी. तो फक्त मान हलवत राहिला.

लताबाईच्या मनात मात्र आणखी एक काटा होता आणि तो ती कोणाला दाखवत नव्हती. योगूच्या नावाची पाव मूठ राहिली होती; त्या गडबडीत तिला सुपाकडे परत वळताच आलं नव्हतं. रोट पौर्णिमेच्या आत संपवायचे असतात, ते भाऊबंदांनी खाऊन संपवले, पौर्णिमाही गेली. चौघांपैकी तिघांचे गहू पुरे, आणि नेमके तिच्याच लेकाचे कमी. डॉक्टरांचं सगळं तिला पटलं होतं. प्रतिपिंडं, आकडा, नस, सगळं समजलं होतं. तरी रोज सकाळी दिवा लावताना हात त्या अर्ध्या राहिलेल्या मापाशी अडखळायचा. आई, माझ्या हाताने कमी पडलं, त्याच्यावर नको काढू, एवढंच ती म्हणायची.

घरी आल्याच्या चौथ्या सकाळी अक्काने ते ऐकलं. ती मागेच फुलं घेऊन उभी होती.

"काय कमी पडनं?"

लताबाईला सांगावं लागलं.

अक्का फुलं ताटात ठेवत म्हणाली, "ती मी टाकेल व्हती. शनवारेच, वनाले बलावाना आधी. त्यानाच नावनी. माले काय समजत नही का, कोनी राहेल शे ते?"

"तुम्ही मला सांगितलं नाहीत."

"काय सांगू? तुना माहेरनं रगत, तुना माहेरनं रगत, असं बावीस वरीस म्हनत राहिनू. आनि लाथ माराले मीच बलावनू. कोनता तोंडवरी सांगू?"

दोघी देवघरापुढे उभ्या राहिल्या. लताबाईने ताटातलं एक फूल घेतलं आणि नदीवरून परत आणलेल्या कानबाईच्या नारळावर वाहिलं. रडू आलं होतं, पण आतून योगूचा वॉकर फरशीवर वाजला आणि दोघींनी एकदमच विचारलं, "काय हवंय रे?"

"काही नाही. चालतोय," योगू म्हणाला. "व्यायाम. मोजा तुम्ही, वीस पावलं."

दोघींनी मोजली. चौदाव्या पावलाला गुडघा आतल्या आत मुडपला, त्याने भिंत धरली. लताबाई धावली नाही. मॅडमनी सांगितलंय, पडत असेल तर धरा, थांबत असेल तर थांबू द्या. तो थांबला, श्वास घेतला आणि परत पलंगाकडे वळला. वीस झाली नाहीत.

दुपारी तिने वही उघडली. श्रावणातल्या त्या शनिवारचं पान कोरं होतं. तिने 'श्री' लिहिलं, तारीख घातली, पिठाळलेली चार लेबलं एकाखाली एक चिकटवली. 'किती वेळाने उतार' या रकान्यात लिहिलं, 'उतार नाही'. त्याखाली, जिथे ती कधीच काही लिहीत नसे, तिथे लिहिलं, 'संध्याकाळी कमरेला पाय लावला. तीन वेळा. मी लावू दिला.' शाई वाळेपर्यंत पान उघडं ठेवलं.

मग ती उठली. नव्या इंजेक्शनची तिसरी खेप उद्या होती. योगूला एसटीचे धक्के नकोत, म्हणून प्रेमराज त्याला नऊ वाजता गाडीने आणणार होता. नंबर लावायला ती पुढे जाणार. पिशवीत वही घातली, मुंबईचा कागद घातला, दोन भाकरी आणि ठेचा बांधायला अक्काला सांगितलं.

सकाळी साडेसातच्या एसटीने धुळ्याला जायचं, आणि खिडकीवर योगूचा नंबर लावायचा.